सात खाचा

ता. २

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू पाठवलेला ठसा मिळाला. खाणीतल्या कड्यावर कापड ताणून काजळ घासताना दोरीला लटकलास म्हणे. भावजयीने मला घातलेल्या शिव्याही पोचल्या.

आता ऐक. कचेरीसमोरच्या फुटपाथच्या कडेला लांबलचक दगड आहे, त्याचा मी तसाच ठसा घेतला. ओणवी झालेली पाहून एकाने विचारलं, बाई, काही हरवलं का? दगडावर सात अर्धगोल खाचा आहेत. डावीकडून दोन जवळजवळ, मग पाच लांब लांब. तुझ्या कापडावरही डावीकडून दोन जवळ, पाच लांब! म्हणजे भोकं पाडून, पाचर ठोकून दगड फोडला तेव्हा अर्धी भोकं शहरात आली आणि अर्धी तुझ्या कड्यात राहिली. दोन्ही ठसे समोरासमोर टांगायचे. आपल्या दोघांचं हेच प्रदर्शन. फक्त मला कड्याचा पूर्ण उंचीचा ठसा हवा.

तुझी ताई

ता. ६

ती. ताईस, शि. सा. न.

पंचाईत झाली आहे. बारा तारखेला तो कडा खडीसाठी उडवणार. मला हातोडा धरायला शिकवणारे सुरुंगकाकाच सुरुंग लावणार आहेत. पूर्ण ठशाला दोन दिवस जास्त लागतील म्हणून थांबा म्हणालो, तर म्हणाले, मालकाचा हुकूम आहे.

काल शेजारचा कडा उडवला. एक धोंडा छप्पर फोडून आमच्या चुलीवर पडला. हिने भांडी आवरली आणि पुन्हा कामाला लागली. ताई, हा कडा सोडून दे.

तुझा धाकटा

ता. ९

चि. धाकट्यास,

आशीर्वाद द्यायच्या मनःस्थितीत मी नाही. वीस वर्षं मी लोकांच्या दिवाणखान्यांसाठी छापे काढले. हे पहिलं काम माझं आहे, आणि तू म्हणतोस सोडून दे! लहानपणी मला कुणी चिडवलं तर त्याचं डोकं फोडून यायचास. आता हातोडा काय शोभेला धरतोस? म्हाताऱ्याला थांबव. कसं ते तुझं तू बघ.

ताई

ता. १४

ती. ताईस, नमस्कार.

ठसा पाठवतो आहे. पूर्ण आहे.

बाराला सकाळी सुरुंगकाका भोकांत दारू ठासत होते. तू पाठवलेली तुझ्या दगडाच्या ठशाची कापडी नक्कल मी त्यांच्यापुढे धरली आणि शेवटचे पाय धरले. त्यांनी कापड पाहिलं, कड्याकडे पाहिलं नि ते हसले. चांगले खदाखदा हसले. माझं डोकं फिरलं. त्यांचा हात दगडावर टेकलेला होता. त्याच हातावर मी हातोड्याचे तीन घाव घातले. दुसऱ्या घावाला ते ओरडायचे थांबले होते. सगळे त्यांना घेऊन धावले, काम बंद पडलं आणि मी ठसा घेत बसलो. मी असा कसा, मला कळत नाही.

पोलीस येतीलच. तुझं पत्र जाळलं आहे. जुनं भांडण होतं असं सांगेन. तू गप्प राहा.

धाकटा

ता. १९

वन्संना,

हे तुरुंगात आहेत. मी दवाखान्यात जाऊन आले. सुरुंगकाकांचा उजवा हात मनगटापासून काढला. ते का हसले ते ऐका. तुमच्या दगडाची भोकं त्यांनीच तरुणपणी पाडलेली. म्हणाले, फोडलेल्या दगडाच्या दोन बाजू एकमेकींसमोर असतात, तिकडचं डावं ते इकडचं उजवं. तुम्ही डाव्याला डावं जुळवलंत. हा कडा तो नव्हेच. खरा कडा दुसरीकडे आहे, त्याला कुणी हात लावत नाही. एवढ्या शिकलेल्या बहीणभावाची चूक पाहून त्यांना हसू आलं, आणि खरी जागा दाखवायला ते उठणारच होते.

हे सांगताना दोन तळवे जुळवून दाखवायला त्यांनी हात उचलले. तळवा एकच होता. मी तिथून पळाले.

तुमची भावजय

ता. २४

सुरुंगकाकांना, नमस्कार.

तुमचं बरोबर आहे. छाप उलटा उठतो हे मी रोज पाहते, तरी मला दिसलं नाही.

नऊ तारखेला मी भावाला काय लिहिलं ते आठवून, शब्दन् शब्द पोलिसांना लिहून दिलं आहे. घाव त्याने घातले, हातोडा मी उचलून दिला. त्याची शिक्षा त्याला होईल, माझी मला होवो. प्रदर्शन रद्द केलं आहे.

उद्या मी येते आहे. दारातून हाकलून दिलंत तरी पायरीवर बसेन. मात्र एक विनंती आहे. मी कितीही विचारलं तरी ती खरी जागा मला सांगू नका. माझा मला अजून भरवसा नाही.

लोभ मागायला तोंड नाही.

धाकट्याची बहीण