तुझ्या देशातून आलेला फोन

आई, तुझा भाऊ जिवंत आहे. गेल्या रविवारी मी त्याच्याशी बोलले. बोलले म्हणजे काय, त्याची भाषा मला येते कुठे? ते तूच करून ठेवलंस.

इंग्रज गेले तेव्हा तीन देश झाले आणि तिसरा शिखांचा, हे आम्ही शाळेत शिकलो. घरात मात्र त्याचं नाव निघायचं नाही. सुरुवातीला हद्द नावालाच होती म्हणे. म्हणून तर बाबा नागपूरहून लुधियान्याच्या सायकल कारखान्यात नोकरीला गेले आणि येताना तुला लग्न करून घेऊन आले. मग लढाई झाली, हद्द बंद झाली, पत्रं थांबली. गल्लीतल्या बायका तुला 'तिकडची' म्हणायला लागल्या. तू हातातलं कडं काढून ठेवलंस आणि पंजाबीचा एक शब्द आमच्या कानावर पडू दिला नाहीस. भांडायला इतकं झकास नागपुरी शिकलीस की भाजीवाला तुला वचकून असायचा. एक सवय तेवढी गेली नाही. पोळी तू ताटात वाढून घ्यायची नाहीस, दोन्ही हात एकत्र करून पुढे पसरायचीस. आत्या हसायची, "वहिनी, भीक मागता का?" तू म्हणायचीस, "अन्न असंच घ्यावं." बस, पुढे काही नाही. मला राग येतो गं तुझा. एवढं सगळं एकटीने गिळून बसायची काय गरज होती?

इथे अमेरिकेत, ट्रॉयला, ऑफिसातल्या मैत्रिणीने आम्हाला सगळ्यांना गुरुद्वाऱ्यात जेवायला नेलं. पंगतीत पोळ्या आल्या. माझ्याबरोबरच्या सगळ्यांनी ताटं पुढे केली, आणि माझे हात मात्र आपोआप पसरले गेले. पोळी अशी ओंजळीत घेणं ही तिथलीच रीत, मला कुठे ठाऊक? वाढणाऱ्या काकू थबकल्या. "बेटी, ये किसने सिखाया?" बाबांनी एकदा सांगितलेलं तुझ्या गावाचं नाव मी घेतलं, तशी टोपली खाली ठेवून त्या माझ्याजवळच बसल्या. त्यांचं माहेर शेजारच्याच गावातलं. महिनाभर फोनाफोनी करून त्यांनी तुझा धाकटा भाऊ शोधून काढला. तू गेल्याचं मात्र त्यांनी त्याला सांगितलं नाही. म्हणाल्या, ते लेकीनेच सांगायचं असतं.

रविवारची सकाळ. काकू माझ्याशेजारी सोफ्यावर, व्हिडिओ कॉल लागलाय. पांढरी दाढी, पगडी, आणि डोळे थेट तुझे. मामा आधी नुसता रडतो. मग बोलायला लागतो आणि काकू मला हिंदीत सांगत राहतात. चेहरा तिचाच आहे, म्हणतोय. एवढी वर्षं आमच्यावर कसला राग होता, विचारतोय. आई, काय सांगणार होते मी? की ती आमच्यासाठी घाबरून गप्प बसली? आम्हाला कुणी बोट लावू नये म्हणून तिने तुम्हाला पुसून टाकलं? मामाने चष्मा पुसला, जरा पुढे सरकला. "तिला दे फोन. मी काही बोलणार नाही. नुसता आवाज ऐकतो."

तू जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. त्यासाठीच तर काकूंना घरी बोलावलं होतं. मी म्हटलं, "बोलो, सोई है."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे तेच त्याला सांगितलं.

मामा हसला. म्हणाला, झोपू दे. इथे होती तेव्हा रोज पहाटे म्हशींसाठी उठवायचो तिला, कधी पुरती झोप मिळाली नाही. उठवू नकोस, मी पुढच्या रविवारी फोन करतो.

तो रविवार आज आहे. काकू येतीलच एवढ्यात. आज खरं सांगावं लागणार, त्यांनी तसं बजावलंय. म्हणून तू ऐकणार नाहीस तरी तुलाच लिहीत बसलेय. आई, मी घाबरून खोटं बोलले असं काकूंना वाटतं. तसं नाही गं. हा आठवडाभर तू नुसती झोपलेली होतीस, आणि मला फार बरं वाटत होतं.