वरच्या रस्त्याचा ठराव

२ जानेवारी
वर्षाचा पहिला ठराव न्याहारीलाच मांडला: यंदा बोलायचं कमी, करायचं जास्त. त्यामागची भूमिका स्पष्ट करेपर्यंत पॅनकेक गार झाले. व्हर्नाने अनुमोदन दिलं. लग्नापासून आमच्या घरची ही शिस्त. ठराव मी मांडायचा, अनुमोदन बायकोने द्यायचं. कॉलेजात गेलो नाही, पण सभेचे नियम अख्ख्या व्हरमाँट राज्यात माझ्याइतके कुणाला पाठ नसतील.

२९ जानेवारी
मार्चच्या गावसभेची विषयपत्रिका लागली. कागदाला चार खिळ्यांऐवजी दोनच. गावच्या क्लार्कच्या निदर्शनास आणलं.
विषय नववा: आमच्या वरच्या रस्त्यावरचा बर्फ गावाने यापुढे काढू नये. वर घरं तीनच, त्यातलं एक रिकामं; म्हणे बर्फाच्या ट्रकची फुकट ये-जा.
व्हर्ना म्हणाली, "रस्ता बंद झाला तर मी हिवाळा इथे काढणार नाही हं, ओरिन. सरळ मेव्हिसकडे जाईन." मेव्हिस तिची बहीण, खाली गावात राहते.
निर्धास्त राहा म्हटलं. सभा म्हणजे माझं अंगण.

५ मार्च, गावसभा
तत्त्व जिंकलं. रस्ता गेला.
अध्यक्षा हॅपगुडबाईंनी आवाजी मतदान घेतलं. 'रस्ता चालू ठेवा' म्हणणाऱ्यांनी छप्पर हलवलं. बाईंनी तसं जाहीर केलं. लोक उठून तळघरात जेवायला निघाले.
पण आवाज म्हणजे मोजमाप नव्हे. मी उभा राहून हात मोजायची मागणी केली. व्हर्ना बाही ओढत होती. बर्फाचा ट्रक चालवणारा ड्वेन लाफ्लर मागून ओरडला, "अरे बाबा, तू जिंकलायस! बस खाली!"
बसलो नाही. हात कसे मोजावेत तेही सांगितलं, कारण मोजणारे भलत्याच टोकाकडून सुरू करत होते. तोवर आमचे शेजारी बील नवरा-बायको आणि बरेच पाठीराखे खाली बीन्स आणि हॅमच्या रांगेत. दोन मतांनी हरलो. मोजणी मात्र बिनचूक.
परतताना गाडीत व्हर्ना एवढंच म्हणाली, हात दाखवून अवलक्षण.

२ एप्रिल
फेरमतदानाच्या अर्जावर सह्या पुरेशा जमल्या होत्या. दुकानासमोर थंडीत उभा राहून मीच जमवल्या. तपासताना काही पेन्सिलीने केलेल्या आढळल्या. खोडल्या. अर्ज दिल्यावर क्लार्क म्हणाली, "अहो, पेन्सिल चालली असती की!" चालली असती! अशानेच लोकशाही ढिली पडते. सह्या कमी पडल्या. मुदत संपली.

१९ मे
आता गावाच्या वरून जायचं. राज्याच्या विधानसभेला उभा राहतो, कायदाच बदलतो. तसा ठराव मांडला. व्हर्ना विणत होती. "अगं बाई, टाका सुटला," म्हणाली. ते अनुमोदन धरलं.

१३ ऑगस्ट
पक्षांतर्गत निवडणूक जिंकलो. विरोधात कुणी नव्हतं, पण विजय तो विजय. भाषण तयार होतं, ते बील नवरा-बायकोला ऐकवलं. मिस्टर बील जागे होते.

१२ ऑक्टोबर
घरोघर प्रचार. एक म्हातारा आपल्या पुलाचं गाऱ्हाणं सांगत होता. पूल बांधल्याचं साल चुकलं, मी दुरुस्त केलं. म्हणाला, "मत मागायला आलास की पेपर तपासायला?" म्हटलं, दोन्ही. दार लावून घेतलं. बहुधा विचार करत असेल.

६ नोव्हेंबर
काल हरलो. फरक थोडा वाटतो.

२० नोव्हेंबर
फेरमोजणी मागितली होती. फरक वाढला.
व्हर्नाला विचारलं, तू तरी मला मत दिलंस ना? म्हणाली, "नाही दिलं. निवडून आला असतास तर जानेवारीपासून राजधानीत, माँटपेलियरला जाऊन बसला असतास. मग या बर्फात मी बोलायचं कुणाशी? भिंतींशी?"
मुद्दा विषयपत्रिकेबाहेरचा होता. तरी इथे नोंदवून ठेवला.

४ डिसेंबर
पहिला मोठा बर्फ. ड्वेनने ट्रक आमच्या रस्त्याच्या फाट्यावरूनच मागे वळवला. वळवताना मला हात केला. मनाने चांगला आहे.
बील मंडळी मुलाकडे निघाली. त्यांच्या पिकअपमध्ये व्हर्नाही मेव्हिसकडे गेली. बॅग कधीच भरलेली होती. "चल ना रे तूपण," म्हणाली. म्हटलं, मी हललो तर गाव म्हणेल, बघा, वर कुणी राहतच नाही. तिने लोकरीची टोपी माझ्या डोक्यावर बसवली, कानांपर्यंत. विणून नुकतीच पुरी केलेली.

३१ डिसेंबर
व्हर्नाचा फोन. मेव्हिसने हॅम भाजलंय. "ये की चालत. फाटा काही चंद्रावर नाही."
समजावलं, चालत आलो तर रस्त्याची गरज नव्हती हे आपणच सिद्ध केल्यासारखं होईल.
म्हणाली, "तुझंच बरोबर आहे, ओरिन. नेहमीसारखं." आणि फोन ठेवला.
पुढच्या गावसभेसाठी नवा अर्ज तयार आहे. शाईने. तीन घरांत सही करायला मी एकटाच.
टोपी घातली. स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्याने ठराव मांडला: रस्त्याचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून ओरिनने उद्या सकाळी व्हर्नाकडे चालत जावं.
अनुमोदनासाठी थांबलो.
कुणी नाही.
नियमाप्रमाणे ठराव बारगळला.