काढून टाकलेली तारीख

३ मार्च
तिसऱ्यांदा तारीख पुढे ढकलली! वेबसाइटवर मीच लिहिलं होतं — पंधरा मार्चला देणार. आता एकतीस. हात चालत नाहीत, वाचाही गेली, अशांसाठी सॉफ्टवेअर — नजर फिरेल तशी अक्षरं उमटतात. पण जाड चष्म्याआडचं बुबुळच सापडत नाही. घोडं पेंड खातंय ते तिथेच.

९ मार्च
घड्याळजींच्या लेकीचा फोन. (मी ठेवलेलं नाव. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता अंग लुळं, बोलणं बंद. नुसते डोळे — आणि जाड चष्मा.)
"एकतीसला नक्की ना हो, ताई? बाबांना दिसेल असं कॅलेंडर लावलंय."
"नक्की," म्हणाले. का म्हणाले?

२९ मार्च
नाही जमत.

३० मार्च
दादाशी भांडण. भाऊ आणि भागीदार, म्हणजे दुप्पट! "तारीख जाहीर करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तयार झालं की सांगायचं, बस." म्हटलं, वाट बघणाऱ्यांनी मग काय धरून बसायचं? "खोटं धरण्यापेक्षा काही न धरलेलं बरं."
वेबसाइटवरून तारीख काढून टाकली. लिहिलं — तयार झाल्यावर कळवू. एकदम हलकं वाटलं. त्याचीच लाज वाटतेय.

२ एप्रिल
लेकीचा फोन. चिडली नाही — तेच जास्त लागलं. "डॉक्टरही तारीख देत नाहीत, ताई. तुमची तेवढी होती."
"अहो, पण तीही खोटीच ठरली असती."
"हं," म्हणाली. ठेवला.

१८ एप्रिल
जमलं! दादानं स्वतःचा सोडावॉटर चष्मा चढवून नुसत्या नजरेनं लिहिलं — "भूक लागली". खो खो हसलो. मग मला रडूच फुटलं. लगेच लेकीला फोन लावला. उचलत नाही.

१९ एप्रिल
तीनदा केला. नाही.

२१ एप्रिल
तिचाच आला. घड्याळजी सोळाला गेले. उलट तीच माझी समजूत घालत होती. "तुम्ही तारीख काढून टाकलीत, ते बाबांना कळूच दिलं नाही. एक टळली की मीच दुसरी सांगायचे — ताईंनी कळवलंय म्हणून. शेवटची वीस एप्रिल दिली होती."
माझ्या नावावरची ती एकच तारीख खरी ठरली.