मावळायच्या आतलं ताट

१ डिसेंबर, सोमवार

मिरजेच्या ऑफिसातून घरी ६.३५. सूर्य सहालाच गेलेला. सासूबाईंचं (आईंचं) ताट घासून पालथं. आर्या आणि चिनू, दोन्ही पोरी आजीबरोबर जेवून मोकळ्या. मी आठनंतर जेवले, स्वयंपाकघराचं दार लोटून. रा. जे. (रात्रीचं जेवण. या वहीतसुद्धा पूर्ण लिहायला हात धजत नाही.) हिवाळ्यात हे रोजचंच. आईंना माहीत आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली, एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

जेवायच्या आधी ब्लॉगसाठी घुट्याचा फोटो काढला. उडदाचं घुटं, लसूण नाही, हिंग-जिऱ्याची फोडणी, बाजरीची भाकरी. नुसतं ताट फारच केविलवाणं दिसत होतं. म्हटलं, आई जरा बसा, तुमचा हात येऊ दे. "माझ्या हाताला काय बघायचं हाय गं?" म्हणाल्या, पण बसल्या. भाकरीवर हात ठेवला, खाल्लं काही नाही. बाराव्या फोटोच्या वेळी चिनूने भाकरीच पळवली. अकरावा चांगला आलाय.

३ डिसेंबर, बुधवार

घुटं सुसाट सुटलंय! एरवी पन्नास-साठ माणसं वाचतात, त्यातली निम्मी नात्यातली. आज मोजायचं सोडून दिलं. एक बाई म्हणते लसणाशिवाय घुटं म्हणजे फसवणूक. दुसरी म्हणते हा हात बघून रडले.

आणि दुपारी पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतून मेल. फोटो छापायचाय, सोबत माझे चार शब्द. "दिवस मावळायच्या आत जेवणारं घर ही कल्पनाच सुंदर आहे." ब्लॉगचं नावच तर ते, 'मावळायच्या आत'. नावाखाली माझीच ओळ: सांगलीच्या जैन घरातलं, सूर्यास्ताआधी मांडलेलं ताट.

चार वर्षं लिहितेय. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, चिनूला थोपटत, एका अंगठ्याने. आज पहिल्यांदा बाहेरच्या कुणीतरी विचारलं. सचिनला साताऱ्याला फोन लावला (नवऱ्याची नोकरी तिकडे, घरी फक्त शनिवार-रविवार). "भारी की!" म्हणाला आणि मशीनच्या आवाजात फोन कट.

ताट सूर्यास्ताआधी मांडलं नव्हतं. हे लिहून ठेवते.

५ डिसेंबर, शुक्रवार

महिला मंडळाच्या ग्रुपवर माझाच फोटो. आईंच्या हातामागे भिंतीवरचं घड्याळ. त्याभोवती लाल गोल. आठ वाजून दहा मिनिटं.

समोरच्या शांतामावशी: "वैनी आताशा आठला जेवतात व्हय?" पुढे हसणारी तीन तोंडं. खाली बाकीच्यांचे हात जोडलेले.

अकरावेळा बघितला होता मी तो फोटो! भाकरीचा पापुद्रा बघितला, तुपाची धार बघितली, घड्याळ नाही. आईंकडे साधा फोन आहे, त्यांना काही कळलेलं नाही. अजून.

६ डिसेंबर, शनिवार

कळलं. सकाळी बस्तीत, म्हणजे मंदिरात, दर्शनाला गेल्या, नेहमी तासभर रमतात, वीस मिनिटांत परत. पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाल्या, "आपलं घड्याळ बरोबर चालतंय न्हवं?" बस एवढंच.

सचिन आला. त्याचं म्हणणं, फोटो काढून टाक, विषय संपला. कसा संपला? सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. आता काढला तर चोरी पकडली असंच होणार. मग म्हणतो, "लिही की, नुसतं फोटोपुरतं ताट होतं म्हणून." लिहिते. मग लोक विचारतील, घुटं गार करून आठला फोटो का काढता, मावळायच्या आत का नाही? मग ते ताट जेवलं कोण? उत्तर एकच आहे आणि ते आत्ता ही वही लिहीत बसलंय.

भांडलो. आर्या अभ्यासाचं पुस्तक घेऊन आजीच्या खोलीत निघून गेली.

८ डिसेंबर, सोमवार

स्कूटर गल्लीत वळवली, अंधार पडलेला. दारातल्या कट्ट्यावर आईंचा पाट, शेजारी पाण्याचा तांब्या. आत आर्याला विचारलं. म्हणाली, आजी आज पावणेसहाला बाहेर जेवली.

कट्ट्यावर? आई?

"हो. ताट घेऊन गेली. सगळे जाता-येता बघत होते. मी म्हटलं आत चल, तर म्हणाली, बघू दे की."

ही बाई लग्नाकार्यात सुद्धा पंगतीच्या कडेला तोंड फिरवून जेवते. माझ्या एका फोटोपायी रस्त्याला तोंड करून जेवली. आणि मी आठला जेवलेच, ते आणखी वर.

९ डिसेंबर, मंगळवार

आजही कट्ट्यावर.

आर्याने नवीनच सांगितलं. शनिवारी बस्तीत तीही होती. शांतामावशींनी सगळ्यांसमोर आईंना विचारलं, "खरं काय ते सांगून टाका की वैनी." आईंनी चपला घातल्या आणि निघाल्या.

"आजीला सांगता आलं असतं ना मम्मी, की तू जेवतेस म्हणून?"

आलं असतं. एका वाक्यात सुटल्या असत्या. चाळीस वर्षांचा नियम आहे त्यांचा, तापात सुद्धा मोडला नाही. आणि सुनेची अब्रू जाईल म्हणून गप्प. मला लाज वाटतेय, आणि खरं सांगायचं तर त्यांचा रागही येतोय. असं उपकाराखाली कुणी कुणाला ठेवू नये.

पुरवणीच्या बाईंचा मेसेज: शुक्रवारपर्यंत मजकूर पाठवा.

११ डिसेंबर, गुरुवार

मुनी महाराज शनिवारी गावात येणार, रविवारी सकाळी आहार. ज्या घरांना आहार द्यायचाय, चौका (महाराजांसाठीचा शुद्ध स्वयंपाक) लावायचाय, त्यांची यादी मंडळाच्या ग्रुपवर आली. दर वेळी आपलं नाव तिसरं-चौथं असतं. नाही. दोनदा वाचली, नाही.

आईंना सांगावं की नाही या विचारात होते, तर त्याच (बस्तीत कळलं असणार) म्हणाल्या, "यादी गेली चुलीत. आपुन चौका लावायचा. म्हाराज यादी बघून थांबत न्हाईत, मनात धरलेली खूण जुळंल तिथंच थांबत्यात." पीठ परवा घरच्या जात्यावर दळायचं, पाणी सचिनच्या मामांच्या विहिरीचं, गाळून आणायचं, सगळं ठरलेलं. मग माझ्याकडे न बघता, तांदूळ निवडत:

"दारात माझ्यासंगं तू हुबी ऱ्हायचीस औंदा. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी म्हणावं लागतंय. पाठ हाय न्हवं?"

पाठ आहे. वचनशुद्धी. दारात उभं राहून महाराजांना सांगायचं, माझं बोलणं शुद्ध आहे.

म्हटलं, आई, मी कशी उभी राहू? तुम्हाला माहीत आहे.

"मग नियम घे."

कायमचा नाही व्हायचा माझ्याच्याने. ऑफिस सहाला सुटतं.

"कायमचा कुणी मागतंय? आठ दिसाचा घे. जमंल तेवढंच बोल, पर खोटं नको." आणि तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

साहेबांकडे तासभर लवकर सुटायची परवानगी मागितली, आठ दिवस. आजच्यापुरतं हो म्हणाले, पुढचं "बघू". ५.४० ला घरी. नियमाचा पहिला घास ५.४८. आई बाहेर, मी आत. त्यांना आत बोलवायचं धाडस झालं नाही.

जेवून लगेच लिहायला बसले, थांबले असते तर लिहिलंच नसतं:

"घुट्याच्या फोटोतलं घड्याळ बरोबर आहे. ते ताट फोटोपुरतं मांडलं होतं. हात माझ्या सासूबाईंचा आहे आणि त्या चाळीस वर्षांत सूर्यास्तानंतर जेवलेल्या नाहीत. ते ताट नंतर मी जेवले. हिवाळ्यात मी रोज रात्रीच जेवते. ब्लॉगच्या नावाखाली जे लिहिलंय ते त्यांच्याबद्दल खरं आहे, माझ्याबद्दल नाही."

टाकलं. म. मंडळाच्या ग्रुपवरही टाकलं. पुरवणीच्या बाईंना तेच पाठवलं, म्हटलं छापायचं तर हे छापा. फोन बंद करून कपाटात, साड्यांच्या खाली.

१३ डिसेंबर, शनिवार

दिवसभर पीठ, पाणी, भांडी, सोवळ्याचे कपडे. सचिन आला, त्याने पोस्ट बसमध्येच वाचलेली. माझ्याशी बोलला नाही, पण विहिरीच्या दोन कळशा खेपा करून आणल्या. आईंना पोस्ट वाचून दाखवली. सगळी ऐकली. "चाळीस न्हवं, बेचाळीस," म्हणाल्या.

फोन कपाटातच.

१४ डिसेंबर, रविवार

पावणेदहाला दारात. आई, सचिन, मी. हातात कलश, वर नारळ. गल्लीत सगळ्यांच्या दारात माणसं, सगळ्यांच्या नजरा आपल्याच दारावर, का मलाच तसं वाटत होतं, देव जाणे.

महाराज कोपऱ्यावर वळले. नमोस्तु म्हटलं, थांबा म्हटलं. मनशुद्धी. वचनशुद्धी. कायशुद्धी. आईंच्या बरोबरीने, मोठ्याने. महाराज क्षणभर थांबल्यासारखे झाले आणि पुढे गेले. समोर थांबले. शांतामावशींच्या दारात.

मला वाटलं आई आता खाली बसतील. त्यांनी कलश माझ्या हातात दिला, पदर सारखा केला आणि गल्ली ओलांडून सरळ शांतामावशींच्या पायऱ्या चढल्या, आहार द्यायला. मावशी दारात. दोघी समोरासमोर. मग मावशींनी महाराजांना द्यायचा पाण्याचा पेला आईंच्या हातात दिला आणि बाजूला सरकल्या.

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मीही गेले नाही.

अकराला आम्ही चौक्यातलं सगळं जेवलो. चिनूने तीन वाट्या खीर खाल्ली. आई म्हणाल्या, "उद्या परत लावायचा. कवातरी थांबतीलच." सचिन भांडणानंतर पहिल्यांदा हसला.

संध्याकाळी सव्वापाचला आईंनी दोन ताटं वाढली आणि दोन्ही उचलून बाहेर निघाल्या. म्हटलं, आई, आता कशाला? आता तर सगळ्यांना कळलंय, आत बसा.

"माझं कळलंय. आता तू दिसाय पायजेस."

बसले. कट्ट्यावर, त्यांच्या शेजारी, रस्त्याला तोंड करून. घुटं होतं. शांतामावशी पिशवी घेऊन समोरून गेल्या, थांबल्या नाहीत, पण मान हलवली. कुणाकडे बघून, आईंना विचारलं नाही.

फोन अजून साड्यांच्या खाली. पुरवणीचं उत्तर असेल, बाकीच्यांचंही असेल. नियमाचे पाच दिवस उरलेत. साहेबांचं अजून "बघू"च आहे. उद्या सोमवार. ऑफिस सहाला सुटतं.