मी फोनवर 'या, या' म्हटलं

सोमवार, १२ मे

अनिलची कंबर कशी आहे? — कालच्यापेक्षा बरी, पण वाकताना "आई गं" म्हणतोच. समीक्षाचा ताप? — उतरला, तोंडाला चव नाही अजून. तांबू गाय? — रवंथ करतेय, म्हणजे ठीक. माझे गुडघे? — त्यांना विचारूच नये, बोलायला लागले की थांबत नाहीत. आणि आमच्या ईशाचा घसा? — पार बसलाय! आजारानं नव्हे. जर्मन भाषेत एक 'ख' आहे म्हणे, तो घशाच्या तळातून काढायचा असतो. पोर सकाळपासून मागच्या पडवीत खाकरतेय. तांबू कान टवकारून बघते.

लाइपझिग नावाच्या गावातल्या शाळेचं पत्र आलं. एक सप्टेंबरपासून वर्ग. आता पुढच्या महिन्यात मुंबईला जाऊन व्हिसा मागायचा. हे पत्र आहे म्हणून व्हिसा मागता येतो, नाहीतर दारातही उभं करत नाहीत. वर्षभर तिथं राहून भाषा पक्की करायची, मग इथं रत्नागिरीत नर्सिंगच्या मुलींना शिकवायची — असं तिच्या मनात आहे. भाची माझी हट्टी, धरलं की सोडत नाही.

तिच्या बापाचं, अनिलचं एकच पालुपद — "गणपतीच्या तोंडावर? जग कोकणात येतंय नि आमचं पोरगं उलटं चाललंय!" तिची आई समीक्षा फणकारली, "आता तुमच्या गणपतीसाठी जर्मनीनं शाळा बंद ठेवायची काय?"

मला हसू आलं. पण अनिलचं तोंड बघून आवरलं.

गुरुवार, १५ मे

ईशा रत्नागिरीला क्लासला गेली की तिचं पुस्तक माझं! लहानपणी अनिलला शाळेत सोडायला जाई आणि ओट्यावर बसून त्याचाच धडा मी गिरवी — तशीच ही दुसरी शाळा. इंग्रजी अक्षरं औषधांच्या खोक्यांवरून आलीत, तेवढ्यावर भागतं.

नावाला 'नामे' म्हणतात! आमच्या जुन्या दस्तात असतं तसं. 'नामे गोदा' — लगेच पाठ.

त्यांच्यातही तो-ती-ते आहे. चमचा आपल्यासारखाच 'तो'. पण सुरी 'ते', आणि काटा चक्क 'ती'! मुलीलाही 'ते' म्हणतात. ईशा म्हणाली, "आत्या, सगळा क्लास याच्यावर हसतो." हसायचं काय त्यात? "ईशा आलं काय गो?" — आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच बोलतोय. शहाणी माणसं दिसतात.

एकच शब्द पटला नाही. 'हो'ला लिहितात Ja. म्हणजे 'जा'! होकार द्यायचा नि जा म्हणायचं? घरातून निघणाऱ्यालाही आपण जा म्हणत नाही. ईशाला विचारायचं होतं, पण तिच्या कानात फोनची बोंडं असतात. राहिलं.

गुरुवार, २२ मे

आज गंमतच झाली! फणस फोडत होते, हातभर चीक, तेल चोळतेय — तेवढ्यात फोन. अनिलच्या फोनला बागेत रेंज नसते म्हणून घरचा नंबर म्हणून ईशानं सगळीकडे माझाच देऊन ठेवलाय. कोपरानं दाबला. पलीकडे बाई. आवाज गोड, पण बोलणं म्हणजे लाह्या फुटाव्यात तसं. "ईशा" ऐकलं. "पेट्रा" ऐकलं — ईशाच्या त्या जर्मन शाळेतल्या बाई! मग काहीतरी विचारलंन, आणि "ऑक्टोबर, ऑक्टोबर" असं दोनदा.

म्हटलं, बाई कोकणात येतेय! ऑक्टोबरात! मी म्हटलं, "या, या!" तिनं परत विचारलंन. मी म्हटलं, "या ना, या या! आपलंच घर आहे!" खूश झाली बिचारी. "दांके, दांके" म्हणाली नि ठेवलंन.

'दांके' म्हणजे आभार, तेवढं येतं मला.

शुक्रवार, २३ मे

पेट्राबाई तिखट खात असतील का? ऑक्टोबरात आंबा नसतो ही एक पंचाईत. आटवलेला रस घालून ठेवते दोन बरण्या. ईशाला आत्ता नाही सांगायचं, बाई दारात आली की तोंड बघू तिचं!

सोमवार, २६ मे

काय लिहू.

शाळेचा मेल आला. "आपल्या घरच्यांशी फोनवर बोलणं झालं, त्यानुसार आपला प्रवेश सप्टेंबरऐवजी ऑक्टोबरमध्ये केला आहे." ईशा वाचत होती आणि माझ्या हातातलं सूप खाली आलं.

"फोन कुणी घेतला होता?"

सांगितलं सगळं. ईशा म्हणाली, "आत्या, ते Ja लिहितात, पण म्हणतात 'या'. तू 'हो, हो' म्हणालीस त्यांना."

लिहायचं जा, म्हणायचं या. कोण शिकवणार मला हे!

महिन्याचा फरक, त्यात काय, असं मी म्हणून बघितलं. तसं नाही. तारीख हलली की पत्र बदललं, पत्र बदललं की मुंबईची व्हिसाची वेळ नव्यानं मागायची, आणि ती आता वर्षअखेरपर्यंत नाही. तोवर ऑक्टोबरही गेला. म्हणजे दोरी एकच होती आणि मी तिची गाठ सोडली.

बुधवार, २८ मे

समीक्षाला गप्प राहवलं नाही. बरोबरच आहे, आई आहे ती. "वन्सं, पाव्हणचार पुरे झाला तुमचा! 'या या' करून पोरीची सीट घालवलीत. मुद्दाम नसेल, मी कुठं म्हणतेय मुद्दाम केलंत. पण पोरगी राहिली तर तुम्हालाच बरं."

हे शेवटचं लागलं. भाकरी थापताना हात थांबला. मला बरं वाटेल का, ती राहिली तर? वाटेल. खोटं कशाला लिहू. पण वाटणं वेगळं नि करणं वेगळं.

अनिलनं मात्र जेवताना स्वतःच्या ताटातली सुरमईची तुकडी उचलून माझ्या ताटात घातलीन. "खा, आक्का." लहानपणी मी त्याला घालायची तशी. डोळे भरून आले माझे. भाऊ असावा तर असा!

शुक्रवार, ३० मे

मी ईशाला म्हटलं, "शेण मी सांडलं, सारवणही मीच करणार. लाव फोन बाईंना."

"आत्या, मी बोलते गो."

"आधी मी."

रात्रंदिवस घोकलं होतं. माफ करा म्हणायला 'एन्टशुल्डिगुंग' म्हणतात. माफी मागायलाही दम लागतो त्यांच्यात! फोन लागला. ओटीवर सगळे जमलेले, अनिल दाराला टेकून. मी म्हटलं, "फ्राउ पेट्रा, माइन नामे गोदा. एन्टशुल्डिगुंग! माइन या — मराठी या. डॉइच या, नाइन!" म्हणजे माझं 'या' मराठीतलं, जर्मन नव्हे. आणि हातानं "या, बसा" करून दाखवलं. फोनवर हात दिसत नाही हे नंतर ध्यानात आलं.

पलीकडे बाई अशी हसली, अशी हसली की समीक्षालाही हसू फुटलं.

मग ईशानं फोन घेतला. बराच वेळ बोलली. मधेच पोरीचं तोंड उतरलं. पण ठेवल्यावर म्हणाली, "झालं काम. सप्टेंबरची जागा अजून भरली नव्हती. जुनंच पत्र चालेल." समीक्षानं देवापुढे साखर ठेवली. अनिल गोठ्याकडे गेला.

मी म्हटलं, "ईशा, माझ्यामुळं केवढा घोर लागला तुला."

माझे दोन्ही हात धरलेन. "तुझी चूक नाय, आत्या. खरंच नाय. परत म्हणू नको."

किती मोठं मन पोरीचं!

शुक्रवार, २० जून

मुंबईहून ईशाचा फोन. आत घेतलं, कागद घेतले, पासपोर्ट ठेवून घेतला. खिडकीतल्या माणसानं विचारलं, जर्मन पुण्यात शिकवत नाहीत का, तिकडंच कशाला जायला हवं? ही म्हणाली, "माझी आत्या म्हणते, विहिरीच्या काठावर बसून पोहता येत नाय." जर्मनमधून सांगितलंन! तो माणूस हसला की नाही, ते मात्र कळलं नाही म्हणाली.

समीक्षाला सांगितलं. "तुमची विहीर पोचली वन्सं मुंबईत," म्हणाली. आता बोलण्यात धार नाही तिच्या.

शुक्रवार, ११ जुलै

काही नाही. लावणी चालू. ईशा चिखलात उभी राहून जर्मन क्रियापदं म्हणते, बायका गाणं समजून मागून ओढतात.

रविवार, ३ ऑगस्ट

काही नाही. विचारायचंही बंद केलं घरात. टपालवाला लवू लांबूनच मान हलवतो. अनिल मात्र रोज फाट्यापर्यंत जातो त्याला गाठायला. "कंबर मोकळी होते," म्हणतो.

सोमवार, १८ ऑगस्ट

आला! व्हिसा आला!! पासपोर्टात चिकटवलेला, फोटोसकट. फोटोत ईशा दरोडेखोर दिसते. पाकीट अनिलनंच आणलं — धावत, कंबरेचा पत्ता नाही. ईशाच्या हातात दिलंन नि म्हणाला, "बघ गो, नीट बघ, तारीख बरोबर हाय काय." ती "हाय, बाबा" म्हणाली. दोघंही मग भिंतीकडे बघत उभी. बापलेकींना रडायचंही शिकवावं लागतं.

रविवार, २४ ऑगस्ट

सोडून आलो रत्नागिरी स्टेशनवर. मुंबईहून आलेली गाडीच परत फिरणार होती, ती चाकरमान्यांनी भरलेली — डोक्यावर बॅगा, हातात मखराची खोकी, सगळे उतरताहेत. चढणारं आमचं एकटंच. अनिलच्या पाया पडली. गाडी हलल्यावर त्याचा नुसता हात वर. मी मात्र खिडकीबरोबर चालत बोलत राहिले — पाणी पी, कान झाक, चांगली रहा! काय बोलले ते मलाही आठवत नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. आरती झाली, सगळे पानावर गेले, अनिल तिथंच बसून. मी समईत तेल घालत होते. खाली बघत म्हणाला, "आक्का, ते ऑक्टोबरचं तुझ्यानं नाय झालं. मी केलं. फाट्यावरच्या निलेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून मीच मेल धाडला त्या बाईला, पोरगं गणपती करून येईल म्हणून. खरं काय ते विचारायला तिनं फोन केलान, तो तू घेतलास. मला काय ठाऊक, एक तारीख हलवली की सगळंच ढासळतं!"

"ईशाला ठाऊक आहे?"

"बाईनं सांगितलान तिला तेव्हाच, फोनवर. माझ्याकडं एकदा बघितलंन, बस. जाईपर्यंत काय बोललं नाय."

तेल समईबाहेर गेलं. पुसलं. चार शब्द सुनवायला तोंड उघडलं, पण निघालं ते एवढंच — "माझं राहू दे. तिला लिही. आजच लिही, अनिल, आणि म्हणावं, उत्तर लवकर धाड."