टेबल चारची लाल पानं

सोम. ३ नोव्हें.

टेम्प्लेट चाललं. एकदाचं. बटण दाबलं आणि हार्नेस लाइनवरच्या सगळ्या बायकांची पानं धडाधड बाहेर. वर फोटो, नाव, खाली आजचा आलेख, मधून टार्गेटची रेघ. रेघेखाली गेली की पान आपोआप लाल. जी सर्वांत मागे, तिचं पान टीव्हीवर सर्वांत आधी. साचा एकच, आत माहिती जिची तिची. आईच्या चकलीच्या सोऱ्यासारखं, पीठ भरा आणि दाबा. निकम सर, आमचे प्लँट हेड, खुर्चीमागे उभं राहून बघत होते. "झकास, सुषमा. पुढच्या सोमवारी लाइनवर टीव्ही लावू." ते गेल्यावर रंग तीनदा बदलले, परत पहिलेच ठेवले. हात रिकामे असले की मला चैन पडत नाही.

मंगळ. ४

कंपनीची बस तळवड्याच्या चौकात अडकली, नेहमीप्रमाणे. शेजारी रेखा. चार नंबर टेबलावरची, लातूरकडची, नवरा भोसरीत वेल्डर. दिवसभर उभ्याने गाडीतल्या वायरी बोर्डावर ओढायच्या, टेप गुंडाळून जुडगा बांधायचा, तो हार्नेस. विचारत होती, "मॅडम, टीव्हीवर फोटू कोन्ता येनार? आयकार्डावरचा नका टाकू. त्यात मी चोरावानी दिसते." लग्नातला पाठवते म्हणाली. मग एकदम खिडकी सरकवली आणि ओकली. पाणी दिलं. तोंड पुसून म्हणाली, "कुनाला बोलू नका."

काय बोलायचं नाही ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कळलं. ठेक्यावरच्या बाईला दिवस गेले की कंत्राट संपून मिळणाऱ्या ब्रेकनंतर परत बोलावणं येत नाही. इथे फरशी पुसणाऱ्या मावशींनाही हे ठाऊक आहे.

गुरु. ६

ट्रायल. बाकी टेबलांवर एक वर, एक खाली, माणसांचं असतं तसं. चार नंबरच्या चौघी मात्र संध्याकाळी जवळपास सारख्या. रेखासुद्धा. सर म्हणाले, "हे कसं शक्य आहे? डेटा खोटा, का तुझं टेम्प्लेट चुकतंय?"

टेम्प्लेटला नाव ठेवलेलं झोंबलं. स्कॅनमधलं अंतर काढून दाखवते म्हटलं आणि लगेच बसले. झालेला हार्नेस प्रत्येकीने आपापल्या गनने स्कॅन करायचा असतो, त्याची वेळ नोंदली जातेच. दोन स्कॅनमधलं अंतर काढायचं आणि पानावर दुसरा आलेख म्हणून बसवायचं. दुपारचा चहा सोडला. इतकं सुंदर जमलं की स्वतःवरच खूश.

शुक्र. ७

सुंदर कसलं डोंबल.

रेखाच्या पानावर रेघ सपाट, सपाट, मग एकदम पायरी. बराच वेळ काही नाही आणि मिनिटाभरात चार हार्नेस. जादूगार असली तरी जमणार नाही. सरांना दाखवायच्या आधी खाली लाइनवर गेले. टेबलावरच्या थोरल्या म्हणजे मालनताई. म्हाळुंग्याच्या, घरची जमीन एमआयडीसीत गेलेली. त्या स्वतः बांधलेला हार्नेस स्कॅन न करता रेखाच्या ट्रेत सरकवत होत्या. बाकीच्या दोघी, शोभा आणि नंदा, त्याही तेच. मला बघून हात थांबले नाहीत.

"हे काय चाललंय ताई?"

"सावड."

"म्हणजे?"

"आकुर्डीवाल्यांना काय कळणार. आज तुमच्या रानात आमी, उद्या आमच्या रानात तुमी. जिला जड जातंय तिच्या ट्रेत टाकायचं. शोभाचं पोरगं दवाखान्यात व्हतं तवा तिला दिली. माझे गुडघे धरले तवा मला. आता हिला. रान गेलं, सावड न्हाई गेली."

सांगितलं की हे आता पानावर दिसतं. "मंग दिसू दिऊ नगंस," म्हणाल्या. डोक्यावरचा पदर सारखा कर म्हणाव्यात, इतक्या सहज.

शनि. ८

रात्री झोप नीट नाही. सकाळी सरांपुढे नवं टेम्प्लेट ठेवलं. बाईला एक पान नाही, टेबलाला एक. चौघींची मिळून एकच रेघ. म्हटलं, काम टेबलाचं असतं, मोजावंही टेबलाचंच.

सर: "ब्रेकनंतर परत कोणाला बोलावायचं, टेबलाला का बाईला? प्रत्येक टेबलावरची एक कमी करायची आहे. मला नाव लागतं."

म्हणजे पानं त्यासाठी. मला वाटत होतं प्रोत्साहन, चढाओढ, गंमत. मी रंग निवडत बसले होते. मूर्ख.

स्कॅनमधल्या अंतराचं काय झालं, सरांनी विचारलं. म्हटलं, जमलं नाही. धडधडीत खोटं, आणि तेही डोळ्यात डोळे घालून. पण चौघी सारख्या म्हणजे माल इकडून तिकडे जात असणार, हे ताडून सरांनी उपाय काढलाच. सोमवारपासून टेबलावर प्रत्येकीच्या मध्ये पत्रा. ट्रे इकडून तिकडे जाणार नाही.

अंतराचा आलेख टेम्प्लेटमधून काढून टाकला. पण पुसला नाही. ठेवलाय बाजूला. का ठेवलाय?

रवि. ९

सुट्टी. आईला सगळं सांगितलं. बाबा दुचाकीच्या कंपनीत चिकटले ते रिटायर होऊनच बाहेर पडले. तिला ठेका, ब्रेक हे प्रकरणच नवीन. ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू पगार कोणाचा खातेस?" बस. पुढे भाजी चिरायला लागली.

कपाट आवरलं. आवरलेलं परत आवरलं. काही काम नसताना स्टेशनापर्यंत चालत जाऊन आले. राग येतोय, पण नक्की कोणाचा? सरांचा, हो. थोडा रेखाचाही. बसमध्ये दुसरी जागा नव्हती का तिला? स्वतःचा तर येतोच.

सोम. १०

टीव्ही लागला. चार नंबरचं पहिलं पान रेखाचं. मुंडावळ्या बांधलेला फोटो आणि खाली सगळं लाल. जेवणाच्या सुट्टीत अख्खी लाइन मान वर करून डबा खात होती. कोणीतरी बोललं, "नवरीला आराम पायजे." हशा. रेखाने डबा उघडलाच नाही. मी वर येऊन खुर्चीत बसले. त्यापलीकडे काही केलं नाही.

बुध. १२

काल पहिलं पान मालनताईंचं. आज शोभाचं. दोघीही लाल, रेखाच्याही खाली. आधी वाटलं टेम्प्लेटच बिघडलं. खाली जाऊन पाहिलं तर शोभा टेप इतकी हळू गुंडाळत होती की बघणाऱ्याला पेंग यावी. पत्र्यापलीकडून मालनताई म्हणाल्या, "ट्रे अडावला ना तुमच्या सायबानं? मंग आता खाली बसायची सावड. रेखाचं नाव पयलं नको दिसाया. रोज एकीनं तिच्या खाली जायचं."

काय डोकं. टाळ्या वाजवाव्यात का हात जोडावेत, कळेना. वर गेल्यावर मात्र लक्षात आलं. सरांना रोजची पानं नकोच आहेत, त्यांना आठवड्याची बेरीज हवीय, आणि एकेक दिवस वाटून घेतला तर त्यात तळाला रेखाच. हे मालनताईंना सांगायला परत खाली गेले, तर सुपरवायझर शेजारीच उभा. तशीच परत आले.

गुरु. १३

आज नंदाचा दिवस होता. तिची छाती झाली नाही. मालनताई परत स्वतः खाली बसल्या. चहाच्या वेळी नंदा रडत होती. मालनताईंनी तिला दटावलं, "गप. तुझ्या सासूचं औषध तुझ्यावर हाय. मी बसले काय, तू बसलीस काय." तिथेच आठवड्याच्या पानाचं सांगून टाकलं. मालनताईंनी ऐकलं, कप विसळला, लाइनवर गेल्या.

शुक्र. १४

आजही मालनताईच. संध्याकाळी आठवड्याची पानं काढली. चार नंबरमध्ये सर्वांत खाली त्याच, रेखा वर. सरांनी स्क्रीनवर बघितलं. आश्चर्य नाही, काही नाही. "वय झालं, गुडघे पण गेलेत. हिलाच कमी करू. उद्या सकाळी हे पान मला पाठव, पुढे एचआरला टाकतो."

बस सुटायच्या आधी मालनताईंना गाठलं. म्हटलं, तुमचं नाव निघालं.

टेपचं रीळ पिशवीत टाकत होत्या, तसंच हातात राहिलं. मग म्हणाल्या, "निघू दे. घरी सुना हायेत. बसंन." रीळ पिशवीत कोंबत: "जिमिनीचा पैसा पोरांनी गाड्यांत घातला. ह्यो पगार तेवढा माझा. बसच्या तिकिटाला बी कुणाफुडं हात पसरला न्हाई." मग माझा दंड धरून, "रेखाला आत्ता बोलू नगं. पोटुशी हाय. जिवाला लावून घेईल."

"मी काय करू ताई?"

"तुला काय करायचंय? तू टेबलावरची न्हाईस."

वाईट हेतूने बोलल्या नाहीत, माया करूनच म्हणाल्या. म्हणूनच फार लागलं. बसमध्ये रेखा शेजारी येऊन बसली, नवऱ्याने चिंचा आणल्या म्हणून हसत होती. मला तिच्याकडे बघवेना.

शनि. १५

सरांच्या केबिनबाहेर बसून मोबाइलवर लिहितेय. आत ठेकेदार आहे. पान अजून पाठवलेलं नाही. सरांचे दोन मेसेज आले, "कुठे आहे?"

पानावरचा एकही आकडा चुकीचा नाही, आणि पान सांगतंय ते सगळं खोटं. अंतराचा आलेख दाखवला तर खरं कळेल आणि रेखा जाईल. नाही दाखवला तर मालनताई. सकाळपासून हेच उलटसुलट.

ऑफिसात आल्याआल्या एक उद्योग केला. त्याच साच्यात स्वतःचं पान काढलं. नाव, मोबाइलमधला एक फोटो, टेबल चार. माझ्या नावावर हार्नेस एकही नाही, त्यामुळे रेघ तळाला आणि पान लालभडक. पानं क्रमाने लावण्याचा नियम मीच लिहिलेला, त्याने मला बरोबर सगळ्यांच्या आधी नेऊन ठेवलं. मालनताईंच्या खाली. बघून हसू आलं. पान मात्र मिटलं नाही.

टेबल चारमधली एक कमी करायची आहे ना, मग मला करा. आईला काय सांगणार, ते सुचत नाही. सरांपुढे एवढं बोलायचं धाडस आहे का, तेही नक्की नाही. कदाचित आत जाऊन मालनताईंचंच पान देईन आणि गुपचूप परत येईन. लॅपटॉपवर दोन्ही पानं उघडी आहेत.

ठेकेदार बाहेर आला. सर हाक मारतायत.