तुमच्या चालीत मी घातलेला तुकडा

प्रिय विलास भावजी,

उद्या सकाळच्या गाडीनं आपला संदीप पुण्याला निघालाय. त्याच्या गाण्यांची सीडी तिथं करायला द्यायची आहे. एकदा ती गेली की मला तोंड उघडता यायचं नाही, म्हणून दुपारची भांडी तशीच ठेवून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. वहिनीनं दिराला असं पत्र लिहावं का? पण दुसऱ्या कुणाला सांगू?

संदीप आता रॉक वाजवतो. केस तुमच्यासारखेच, मानेवर! ह्या खेपेला त्यानं स्वतःचं एकही गाणं घेतलेलं नाही. लहानपणी ज्यांचं ऐकून शिकला, त्यांचीच गाणी आपल्या पद्धतीनं वाजवलीत. दोन-तीन इंग्रजी, काही गणपतीतल्या ऑर्केस्ट्रातली, आणि सगळ्यात शेवटी तुमची चाल. तीच, शब्द नसलेली.

हुपरीत दिवसभर चांदीच्या पैंजणांचे सांधे डाख देऊन जोडून तुम्ही यायचा, बोटं भाजलेली, आणि हात धुतले न धुतले की गिटार घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. उंबऱ्यावर बसू नका म्हणून किती वेळा सांगितलं! "देवी काय म्हणत न्हाय वहिनी, तुम्हीच म्हणताय." बोटं दुखत नाहीत का विचारलं, तर म्हणायचा, "आता माझी बोटंच तारंला टोचत्यात." मी चपात्या लाटायचे, आणि संदीप तुमच्या गुडघ्याला चिकटलेला.

ती चाल तुम्ही एकदाच कॅसेटवर घेतली होती. वरून कुणी दुसरं भरू नये म्हणून कॅसेटच्या कडेचा प्लॅस्टिकचा तुकडाही मोडून ठेवला होता. मी तिथं कागदाचा बोळा कोंबला आणि रेडिओवरचं एकादशीचं कीर्तन भरून घेतलं. कोरी कॅसेट आणणं जिवावर आलं, दुसरं काय! आणि तुम्ही तर समोरच बसलेला होता. म्हटलं, वाजवतील की परत. तीन महिन्यांत काविळीनं तुम्हाला नेलं. तुम्हाला हे कधी कळलंच नाही.

गेल्या महिन्यात संदीपनं कॅसेट मागितली, तेव्हा सांगावंच लागलं. म्हणाला, "काकाचं पुसून कीर्तन? आई, देवानं तरी ऐकलं असंल काय ते?" दोन दिवस जेवताना मान वर केली नाही पोरानं. हे म्हणाले, "जाऊ दे रं, तिला काय ठावं?" ठाऊक होतं, भावजी. बोळा मीच कोंबला होता.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मला येतीया ती. बस, म्हणून दाखवते." बारा वर्षं ऐकलेली चाल! डोळे मिटून गुणगुणत गेले, तो गिटारवर धरत गेला. सुरुवात आली. वर चढायची जागा आली. मग तुम्ही संथ होऊन दोन तारा एकदम छेडायचा, तिथं पोचले, आणि पुढं काहीच नाही. पोरगं तारांवर बोटं ठेवून वाट बघतंय. एकदा पुसलं, आता विसरलेही म्हणू? अंबाबाईच्या आरतीची एक ओळ जरा वाकवली, लांबवली, आणि घातली तिथं. त्यापुढचा शेवट मात्र आठवला, तो तुमचाच.

"थांब, परत म्हण," म्हणाला. डोळे चमकले त्याचे. "ह्योच तुकडा सगळ्यात भारी हाय, आई. काय माणूस होता काका!"

आता त्याच तुकड्यावर सगळं गाणं उभं केलंय त्यानं. चार वेळा येतो, ड्रमसकट. कव्हरवर छापणार आहे, 'चाल : विलासकाका'.

आणि खरं सांगू? ऐकून मला बरं वाटलं. मॅट्रिकच्या निकालानंतर मला कुणी कशाबद्दल शाबास म्हटलं नव्हतं. घरी येऊन गाणं ऐकणारे सगळे नाव तुमचं घ्यायचे, आणि सुखावायचे मी! तेव्हापासून आरती म्हणवत नाही. त्या ओळीशी आले की जीभ अडते, नुसती घंटा वाजवून उठते. दमले मी, भावजी. कामाचं काय, ते रोजचंच. हे आत ठेवून दमले.

तुमचंही चुकलंच थोडं. कुणाला तरी शिकवून ठेवायची होती! सगळं बोटांत घेऊन गेलात.

आज संदीप जेवायला आला की ताट वाढायच्या आधी सांगणार आहे. चिडेल. उद्याची गाडी राहील, महिनाभराची मेहनत वाया जाईल, आणि तुमच्या चालीची फक्त दोन टोकं उरतील. उरू देत. मधे त्यानं गप्प राहावं, नाहीतर स्वतःचं वाजवावं आणि खाली स्वतःचं नाव लिहावं. पण तुम्ही न वाजवलेलं तुमच्या नावावर जाऊ देणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
सुमनवहिनी